लोकरीआडचे शरीर : हेन्री मूर यांच्या प्राणिचित्रांचे प्रदर्शन मांडताना

इंग्लंडच्या पूर्व भागात मी ज्या गावात राहते, तेथील छोट्या संग्रहालयात मी काही वर्षांपासून स्वयंसेवक म्हणून काम करते. शिल्पकार हेन्री मूर यांच्या प्राण्यांवरील रेखाटनांचे आणि मुद्राचित्रांचे प्रदर्शन भरवायचे तेथे ठरले, तेव्हा कागदावरील कलाकृती हाताळण्याचे प्रशिक्षण झालेले असल्यामुळे मला त्या कामात घेण्यात आले. पेट्या उघडण्यापासून ते शेवटचे चित्र भिंतीवरून उतरवण्यापर्यंत मी या कामात होते. एखाद्या शिल्पकाराने प्राणी कसा पाहिला हे समजून घ्यायचे असेल, तर त्याच्या चित्रांसमोर उभे राहण्याइतकेच ती चित्रे मांडण्याचे कामही उपयोगी पडते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

मूर म्हटले की बहुतेकांना पहुडलेल्या स्त्रीच्या भव्य ब्राँझ आकृती, त्यांच्यातील पोकळ्या आणि माता-बालकाची शिल्पे आठवतात. यॉर्कशरमधील कॅसलफर्ड या कोळशाच्या खाणींच्या गावी १८९८ साली खाणकामगाराच्या घरी जन्मलेला हा माणूस विसाव्या शतकातील सर्वांत नावाजलेल्या शिल्पकारांपैकी एक झाला, आणि १९४० पासून १९८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत हर्टफर्डशरमधील पेरी ग्रीन या खेड्यात राहिला. मानवी देहाची मोडतोड करून त्यातून नवे आकार घडवणाऱ्या या कलावंताने साध्या मेंढ्यांची पानामागून पाने चितारली आणि त्यांत त्या मेंढ्यांशी जराही मोडतोड केली नाही, ही गोष्ट मला आधी केवळ वाचून माहीत होती. तिचा अर्थ काम करता करता उलगडत गेला.

आमच्याकडे आलेल्या कलाकृतींत मुख्यत्वे दोन गट होते. हत्तीच्या कवटीवरून १९६९-७० मध्ये केलेली काही एचिंग्ज, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर द्रावणाने रेघा खाववून कागदावर छापलेली चित्रे, हा पहिला गट. १९७२ आणि १९७४ मधील मेंढ्यांची एचिंग्ज हा दुसरा गट. त्याशिवाय खासगी संग्रहातून उसनी मिळालेली थोडी रेखाटने होती आणि मूर यांच्या मेंढ्यांच्या रेखाटनवहीची हुबेहूब छापलेली प्रतिकृती होती.

पहिले काम होते प्रत्येक कागदाच्या प्रकृतीची नोंद करण्याचे. कलाकृती उसनी येते तेव्हा तिच्यावर आधीपासून कोणते डाग, सुरकुत्या, दुमडी वा फाटलेल्या कडा आहेत, हे छायाचित्रांसह लिहून ठेवावे लागते, म्हणजे परत करताना वाद उद्भवत नाही. त्यासाठी चित्र टेबलावर सपाट ठेवून खोलीतील दिवे मंद करतात आणि टॉर्च कागदाच्या पातळीलगत आडवी धरतात. तिरप्या उजेडात कागदाची प्रत्येक उंचसखल जागा सावली टाकते आणि समोरून कधी न दिसणाऱ्या गोष्टी उघड होतात. एचिंगच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. तांब्याच्या प्लेटच्या कडांनी कागदावर दाबून उठवलेली चौकट तर दिसतेच, पण छापलेली रेघसुद्धा कागदाच्या पातळीपेक्षा किंचित उंच असल्याचे दिसते, कारण प्लेटच्या खाचेत बसलेली शाई दाबाखाली कागदाने वर उचललेली असते. म्हणजे एचिंगमधील रेघेला अगदी केसभर का होईना, जाडी आणि उंची असते. ज्याचे आयुष्य घनाकारात गेले, त्या माणसाला हे माध्यम का मानवले असेल याचा मला लागलेला पहिला अंदाज हा.

मेंढीच्या एका एचिंगवर मी ही टॉर्च बराच वेळ धरून बसले होते. दुरून ती मेंढी राखाडी रंगाचा एक गुबगुबीत ढीग दिसत होती. जवळून पाहिले तर तो ढीग निव्वळ रेघांचा गुंता होता. छोट्या, वळणावळणाच्या, एकमेकींवर चढलेल्या रेघा. पण त्या कुठेही दिशाहीन नव्हत्या. पाठीच्या कण्यापाशी रेघा आडव्या धावत होत्या, बरगड्यांच्या भागात त्या खाली वळत होत्या, आणि मांडीच्या फुगवट्यावर त्यांची वर्तुळे घट्ट होत गेली होती. आकाराच्या लांबीला धरून आणि आकाराला वेढा घालून अशा दोन्ही दिशांनी रेघा चालवून घनता दाखवण्याची रीत मूर यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या रेखाटनांत वापरली होती. शिल्पाची कल्पना कागदावर मांडताना तीच रीत वापरली की रेघा आखीव दिसतात. मेंढीवर मात्र त्याच रेघा लोकर होतात आणि त्याच वेळी लोकरीखालचे शरीर सांगत राहतात.

रेखाटनवहीची मूळ पाने न मिळवता प्रतिकृती का मांडायची, हा प्रश्न आमच्यातील काहींनी विचारला. मूर यांनी ती वही प्रामुख्याने साध्या बॉलपेनने भरली. बॉलपेनची शाई ही रंगद्रव्यांपेक्षा विद्राव्य रंजकांवर अवलंबून असते आणि अशी बहुतेक रंजके उजेडाने लवकर फिकी पडतात. एचिंगच्या काळ्या शाईत काजळीचा कार्बन असतो, तो उजेडाला दाद देत नाही. तेथे जपायचे असते ते कागदाला. बॉलपेनच्या रेखाटनात मात्र रेघच विटून जाण्याचे भय असते. म्हणून वहीची प्रतिकृती मांडणे ही आमच्या दृष्टीने तडजोड नव्हती. तिचा एक मोठा फायदाही झाला, त्याविषयी पुढे सांगते.

वहीची कथा सांगितल्याशिवाय हे प्रदर्शन समजणार नाही. १९७२ मध्ये फ्लॉरेन्सच्या फोर्ते दी बेल्वेदेरे या किल्ल्यात मूर यांच्या शिल्पांचे फार मोठे प्रदर्शन होणार होते. त्यासाठी पेरी ग्रीनमधील शिल्पे बांधून रवाना करण्याची लगबग सुरू झाली आणि नेहमीच्या स्टुडिओंत शांतपणे काम करणे अशक्य झाले. तेव्हा ते एका लहान स्टुडिओत जाऊन बसू लागले. त्याच्या खिडकीसमोर कुरण होते आणि त्यात स्थानिक शेतकऱ्याच्या मेंढ्या चरत असत. मूर त्या मेंढ्या काढू लागले. मेंढी खिडकीजवळ आली की ते काचेवर टकटक करत. आवाज ऐकून ती मान वर करून पाहत राही आणि तेवढ्या वेळात तिचा चेहरा कागदावर उतरे. सुरुवातीला त्यांना मेंढी म्हणजे डोके आणि चार पाय जोडलेला लोकरीचा बेढब गोळा वाटली होती. नंतर त्या लोकरीखाली स्वतःच्या पद्धतीने हालचाल करणारे शरीर आहे आणि प्रत्येक मेंढीचा स्वभाव वेगळा आहे, हे त्यांच्या लक्षात येत गेले. हे त्यांनी स्वतः सांगितले आहे आणि वहीची पाने त्याला साक्ष आहेत. पुढे वसंतात कोकरे आली, आयांना लुचणारी कोकरे आली, आणि अखेरीस लोकर कातरलेल्या, एकाएकी केविलवाण्या झालेल्या मेंढ्या आल्या.

मी सातारा जिल्ह्यातील दुष्काळी पट्ट्यातली. शेतात मेंढरे बसवायला आलेले धनगरांचे कळप पाहत मी लहानाची मोठी झाले, पण कळप पाहणे आणि मेंढी पाहणे यांत फरक असतो. शेकडो मेंढरांतून आपले नेमके जनावर तोंडावरून ओळखणारा धनगर आम्ही पाहत होतो आणि त्याचे आम्हाला नवल वाटत असे. मूर यांच्या वहीतील चेहऱ्यांच्या पानांवर आले तेव्हा मला त्या ओळखीची आठवण झाली. समोरून पाहणारी ती तोंडे एकसारखी नाहीत. एकीचे कान खाली झुकलेले आहेत, एकीच्या नाकाचे हाड रुंद आहे, एकीच्या नजरेत संशय आहे. आणि यातले काहीही माणसाच्या भावना प्राण्यावर लादून आलेले नाही, ते सगळे हाडांच्या व कातडीच्या ठेवणीतून आले आहे.

भिंतीवरील माहितीफलकांपैकी एचिंगच्या तंत्राविषयीचा फलक माझ्याकडे आला. न करून पाहिलेल्या गोष्टीविषयी लिहू नये असे मला वाटले, म्हणून जवळच्या शहरातील एका मुद्राचित्रण कार्यशाळेत मी जाऊ लागले. तेथे तांब्याची प्लेट घासून, तिच्या कडा तिरप्या करून, तिच्यावरील तेलकटपणा पूर्ण काढून टाकावा लागतो. बोटाचा ठसा राहिला तरी पुढे तेथील लेप उचलला जातो. मग गरम प्लेटवर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ लेप रुळाने पसरतात. थंड झाल्यावर तो काळपट तपकिरी लेप काचेसारखा गुळगुळीत होतो. त्यावर सुईने रेघ ओढली की लेप बाजूला होऊन खालचे तांबे चमकते. धातू कोरण्याचे श्रम येथे नसतात. सुई फक्त लेप खरवडते, धातू खाण्याचे काम नंतर द्रावण करते. त्यामुळे हात कागदावरल्या पेनाइतकाच मोकळा चालतो, आणि बॉलपेनने भराभर मेंढ्या काढणाऱ्या हाताला प्लेटवर जाताना आपली सवय बदलावी लागली नसेल, हे मला तेथे कळले.

प्लेट फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडली की उघड्या पडलेल्या रेघा हळूहळू खाल्ल्या जातात. जितका जास्त वेळ, तितकी खोल खाच आणि तितकी गडद रेघ. काही रेघा फिक्या ठेवायच्या असतील, तर प्लेट बाहेर काढून त्यांवर वार्निश लावतात आणि उरलेल्या पुन्हा द्रावणात सोडतात. म्हणजे गडद-फिके हे येथे हाताच्या दाबावर ठरत नाही, वेळेवर ठरते. लेप धुऊन काढल्यावर प्लेट किंचित गरम करून तिच्यावर घट्ट शाई चोपडतात, खळीने ताठ केलेल्या जाळीदार कापडाने ती वर्तुळाकार पुसतात आणि शेवटी तळहाताने हलकेच साफ करतात, अशा बेताने की पृष्ठभाग स्वच्छ व्हावा आणि खाचांत शाई राहावी. मग प्लेट प्रेसच्या पाट्यावर ठेवून त्यावर ओलसर केलेला जाड कागद आणि लोकरीचे नमदे घालतात व चाक फिरवतात. रुळाखालून प्लेट पलीकडे गेली की नमदे उलटायचे आणि कागद एका कोपऱ्याला धरून सावकाश उचलायचा.

या शिकण्यातून मला फलकासाठी दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे रेघेची उंची, जिचा उल्लेख वर आला. दुसरी म्हणजे चित्राचे उलटणे. प्लेटवर डावीकडे पाहणारा प्राणी छापल्यावर उजवीकडे पाहतो. मूर यांनी हत्तीची कवटी समोर ठेवून थेट प्लेटवर काम केले, तेव्हा छापात आपल्याला दिसते ती त्या कवटीची आरशातील प्रतिमा. कवटीचे छायाचित्र शेजारी ठेवून एखाद्या छापाशी ताडून पाहणाऱ्याला हे ठाऊक असले पाहिजे, म्हणून ते आम्ही फलकावर घातले.

कवटीची हकिगतही सांगण्यासारखी आहे. जीवशास्त्रज्ञ सर ज्युलियन हक्सली आणि त्यांच्या पत्नी जुलिएट यांनी आपल्याकडील आफ्रिकी हत्तीची कवटी १९६०च्या दशकाच्या अखेरीस मूर यांना दिली. मूर यांना हाडांचा नाद जुनाच होता. खडे, गारगोट्या, शिंपले, पक्ष्यांची आणि गुरांची हाडे यांनी त्यांच्या स्टुडिओतील फळ्या भरलेल्या असत, आणि पक्ष्याच्या एका हाडातून त्यांचे धारदार कडांचे उभे शिल्प १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस घडले होते. पण हत्तीच्या कवटीचा पसारा वेगळा. इतके मोठे डोके मानेला पेलावे म्हणून तिची हाडे आतून पोकळ्यापोकळ्यांची असतात, आणि सोंड जेथे जोडलेली असते तेथे कपाळाच्या मध्यभागी एक प्रचंड भोक असते. मूर कवटीच्या अगदी जवळ जाऊन तिचा एकेक भाग काढू लागले, आणि त्यात त्यांना वाळवंटे, खडकाळ प्रदेश, डोंगराच्या कुशीतील गुहा, खांब आणि अंधारकोठड्या दिसू लागल्या. या एचिंग्जचा २८ चित्रांचा संच १९७० मध्ये जिनिव्हाचे प्रकाशक जेराल्ड क्रामेर यांनी काढला. मेंढ्यांची एचिंग्जही पुढे त्यांनीच प्रसिद्ध केली.

आता मांडणीचा प्रश्न आला आणि त्यावर आमच्यात खरा वाद झाला. एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की मेंढ्या आधी लावाव्यात. लोकांना त्या ओळखीच्या आहेत, मुलांना आवडतील, दारातून आत पाऊल टाकताच प्रसन्न वाटेल. कवटीची चित्रे गूढ आणि काळी आहेत, ती आतल्या खोलीत असू द्यावीत. याही म्हणण्यात तथ्य होते. माझे मत उलट होते आणि ते मी आग्रहाने मांडले. मूर यांनी आधी कवटी काढली आणि मग मेंढ्या, एवढ्यावर मी थांबले नाही. कारण केवळ सालवार क्रम लावण्यात काही विशेष नाही. माझा मुद्दा असा होता की कवटीत प्राणी पूर्ण उघडा आहे, त्याची आतली सगळी रचना समोर आहे, फक्त जीव तेवढा नाही. मेंढीत जीव आहे, चाल आहे, नजर आहे, पण रचना सगळी लोकरीआड गेली आहे. हाडांच्या पोकळ्यांत इतका काळ वावरलेला शिल्पकार जेव्हा मेंढीसमोर येतो, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न असतो की ज्याचे हाड दिसत नाही त्याचे शरीर कसे ओळखायचे. प्रेक्षकाने तो प्रश्न आधी मनात घेऊन मेंढ्यांकडे जावे, असे मला वाटत होते. क्युरेटर बाईंनी सगळे ऐकून घेतले, दोन्ही क्रमांनी छोट्या कागदी प्रती जमिनीवर मांडून पाहिल्या आणि कवटी पहिल्या खोलीत ठेवण्याचा निर्णय दिला.

त्याच सुमारास आम्ही पेरी ग्रीनला जाऊन आलो. तेथे १९७१-७२ मधील ‘शीप पीस’ हे ब्राँझ शिल्प कुरणात उभे आहे. उंच, जडशीळ असे दोन आकार एकमेकांकडे झुकलेले आहेत; एक मोठा, एक लहान. मेंढीसारखे त्यात सरळ काही दिसत नाही. मेंढ्या मात्र त्याच्या आडोशाला बसतात, त्याला अंग घासतात आणि कोकरे त्याच्याभोवती बागडतात. हे पाहूनच मूर यांनी शिल्पाला ते नाव दिले. मेंढीचा आकार आपल्या शिल्पाभोवतीच्या निसर्गाला अगदी योग्य आहे, गाय किंवा घोडा शेजारी उभा राहिला तर शिल्पाची भव्यता कमी भासेल, असे त्यांचे म्हणणे होते. कुरणाच्या कडेला उभे राहून आम्ही पाहत होतो तेव्हा हे तंतोतंत पटले. मेंढी शेजारी असली की ते ब्राँझ एखाद्या कड्याएवढे वाटते.

चित्रे चढवण्याचे काम सावकाशीचे असते. प्रत्येक कागद आम्लविरहित जाड बोर्डावर जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने वरच्या कडेला टांगलेला असतो. ही खळ पुढे पाण्याने सुटते आणि मूळ कागदाला इजा होत नाही. आम्ही माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, खिडक्या मुद्दाम मोठ्या कापल्या, म्हणजे प्लेटची दबलेली चौकट आणि पेन्सिलीतली सही दोन्ही झाकल्या जाणार नाहीत. फ्रेमवर अतिनील किरण अडवणारे ॲक्रिलिक घातले. चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास धरण्याची पद्धत आहे, आम्ही तो मुलांसाठी थोडा खाली घेतला. प्रकाश ५० लक्सवर (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) ठेवला. बाहेरच्या उजेडातून आलेल्या माणसाला इतका प्रकाश आधी अंधुकच वाटतो, म्हणून प्रवेशाचा बोळ आम्ही आणखी मंद ठेवला, जेणेकरून तो ओलांडेपर्यंत डोळे सरावावेत. कागदावरील चित्रे पाहताना लोक काळोखाची तक्रार करतात त्यातील बराच भाग या लहानशा व्यवस्थेने दूर होतो, आणि ही गोष्ट अधिक संग्रहालयांनी करावी असे मला मनापासून वाटते.

प्रतिकृतीचा फायदा तेव्हा दिसला. काचेच्या पेटीतील वहीचे एकच पान उघडे ठेवता येते आणि बाकी वही बंदच राहते. आम्ही प्रतिकृती टेबलावर ठेवली, शेजारी खुर्ची ठेवली आणि ती चाळण्याची सर्वांना मुभा दिली. लोक खरोखर बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाने उलटत आणि गोळ्यापासून चेहऱ्यापर्यंतचा प्रवास त्यांच्या हातांखालून होत असे. एका चौकटीत ते कधीच कळले नसते. कोकरू दूध पिते त्या पानावर बहुतेक जण थांबत. आईच्या पोटाखाली डोके खुपसून कोकराने मागचे पाय ताणले आहेत, आणि आईचा भरदार देह त्याच्यावर छतासारखा आला आहे. माता-बालक हा मूर यांचा आयुष्यभराचा विषय; एका शेतकऱ्याच्या कुरणात तो त्यांना पुन्हा आयता सापडला.

प्रदर्शन सुरू झाल्यावर मी आठवड्यातून काही वेळ प्रेक्षकांना फेरी घडवत असे. शिल्प कुठे आहे, असे विचारणारे पुष्कळ भेटले. शिल्पकाराचे प्रदर्शन म्हणजे शिल्पे, आणि रेखाटने म्हणजे शिल्पापूर्वीचा कच्चा आराखडा, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. त्यांना मी सांगे की यातील एकही मेंढी कुठल्याही शिल्पाची तयारी म्हणून काढलेली नाही. शिल्पे प्रवासाला निघत होती, हात रिकामे होते, आणि समोर जिवंत आकार होता म्हणून ती काढली. शिल्पकाराची रेखाटने त्याच्या शिल्पांच्या मागे उभी करून पाहण्याची सवय आपण सोडली पाहिजे, असे मी आजही म्हणेन.

एकदा फेरीत एक वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांचे सगळे आयुष्य मेंढीपालनात गेले होते. ते कवटीच्या चित्रांपाशी फारसे थांबले नाहीत, पण कातरणीपूर्वीच्या आणि कातरणीनंतरच्या मेंढ्यांपाशी त्यांनी मला थांबवले. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवी लोकर उगवू लागते आणि जुनी लोकर कातडीपासून थोडी सुटून वर येते, असे त्यांनी समजावून सांगितले. कातरणाऱ्याची कात्री चालते ती याच दोहोंच्या मधून. ते म्हणाले, “तुमच्या फलकावर लिहिलंय की या केविलवाण्या दिसतात. दिसतातच. पण बाई, मेंढपाळ कातरलेली मेंढी पाहतो तेव्हा त्याला वर्षात पहिल्यांदा तिची खरी प्रकृती कळते. पाठ भरलीय की नाही, बरगड्या कशा आहेत, पाय सरळ पडतायत का. लोकर असताना हात खुपसून बघावं लागतं.” आणि कातरणीनंतर कोकरांना आपली आई पटकन ओळखू येत नाही, सगळे रान त्यांच्या ओरडण्याने भरून जाते, हेही त्यांनी सांगितले.

ते गेल्यावर मी त्या चित्रांसमोर पुन्हा उभी राहिले. रेघांचा गुंता तेथे संपलेला आहे. मानेचा उतार, खांद्याचे हाड, कमरेचा खळगा, गुडघ्याची गाठ हे सारे थोडक्या, सुट्या रेघांत आले आहे. कवटीत जे उघडे होते आणि लोकरीत जे झाकले गेले होते, ते येथे पुन्हा वर आले आहे, आता मात्र जिवंत, उभे, थंडीने आखडलेले. केविलवाणेपणा मूर यांनाही जाणवला होता, पण त्यांची रेघ त्यावर रेंगाळत नाही. ती मेंढपाळाच्या हातासारखी पाठीवरून फिरते.

क्युरेटर बाईंशी बोलून फलकातील मजकुरात आम्ही मेंढपाळाचे म्हणणे, त्यांची परवानगी घेऊन, नाव न देता जोडले. माझ्या फेरीचा मार्गही त्यानंतर बदलला. कवटीपासून सुरुवात करून मी लोकांना थेट कातरलेल्या मेंढ्यांकडे नेऊ लागले, तेथे शरीर दाखवून मग लोकरीच्या मेंढ्यांकडे परत आणू लागले, आणि त्या गुबगुबीत ढिगाऱ्यात कणा कुठे आहे, खांदा कुठे आहे, हे त्यांचे त्यांनाच शोधायला सांगू लागले. लहान मुलांना तो बहुधा मोठ्यांच्या आधी सापडत असे.